गाडीचा तळ मी खाल्ला नाही

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "काका, तुमच्या आयुष्याबद्दल लिहा. फक्त गाड्यांबद्दल जरा कमी लिहा, वाचकांना कंटाळा येतो." मी मान डोलावली. ते चहा पिऊन गेल्यावर ठरवलं की फक्त गाड्यांबद्दलच लिहायचं, आणि तेही गाड्यांच्या पोटाखालच्या भागाबद्दल. याला एक कारण आहे. कलकत्त्याच्या जुन्या मिस्त्री लोकांत माझं एक टोपणनाव पडलेलं आहे: मेझेखेको. बंगालीत मानुषखेको म्हणजे नरभक्षक. मेझे म्हणजे जमीन, तळ. तर मेझेखेको म्हणजे तळ खाणारा. एका मोठ्या माणसाच्या गाडीचा तळ मी खरवडून खरवडून खाल्ला, अशी माझी ख्याती आहे. माझ्या लग्नात बायकोच्या मामांनीसुद्धा मला त्याबद्दल विचारलं होतं.

तो तळ मी खाल्ला नाही. हे सांगायला इतकी वर्षं दोन माणसांची मनाई होती. आता ती दोघंही नाहीत, म्हणून लिहितो.

आधी धंदा समजून घ्या. आमचं गॅरेज बालीगंजला होतं. मालक गोपालबाबू, देवभोळा आणि घाबरट माणूस. इंग्रज गेले तेव्हा जाताना आपल्या जुन्या गाड्या इथेच टाकून किंवा विकून गेले. त्या गाड्या हौशी लोक आमच्याकडे आणत आणि म्हणत, नवी करून द्या. नवी करायची म्हणजे आधी उघडायची. एकेक भाग सोडवायचा, त्याला चिंधीची चिठ्ठी बांधायची आणि निघालेला बोल्ट लगेच त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. उघडताना घाई करणारा माणूस जोडताना देवाचा धावा करतो.

मग यायचं पोट. कलकत्त्यात पावसाळ्यात रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचतं. त्या पाण्याने खालचा पत्रा गंजू नये म्हणून लोक गाडीला खालून डांबर फासायचे. दरवर्षी एक हात. दहा-पंधरा वर्षांत त्याचे इतके थर चढत की गाडी खालून गेंड्यासारखी दिसे. ते डांबर काढणं हे माझं खास काम होतं. मोडक्या स्प्रिंगच्या पट्टीला धार लावून मी खरवडणी बनवली होती. ती स्टोव्हवर तापवायची, गाडीखाली उताणं पडायचं आणि खरवडायचं. खरवडणी जास्त तापली तर डांबर डोळ्यात ठिबकतं, कमी तापली तर खपल्या उडून कॉलरमध्ये जातात. बरोबर तापली तर दोन्ही होतं. अंगावरचं डांबर मोहरीच्या तेलाने निघतं, त्यामुळे माझ्या अंगाला कायम लोणच्याचा वास येई. वडील सरकारी नोकरीत बदली होऊन कलकत्त्याला आलेले. त्यांची इच्छा मी बी. ए. व्हावं अशी होती. ते पाहुण्यांना सांगत, "आमचा सदू मोटारीत असतो." मी मोटारीखाली असे, पण मी कधी ते खोडून काढलं नाही.

डांबरात काय काय सापडे! एका डॉक्टरांच्या गाडीला वास येत होता. त्यांनी तीन वेळा गाडी धुतली, एकदा गंगाजल शिंपडलं. डांबराच्या थरात एक अख्खा मासा चिकटलेला निघाला, पुरात कधीतरी वर आला असावा. एका शेटजींनी मात्र मी काढलेलं डांबर परत मागितलं. म्हणाले, "माझ्या गाडीचं आहे, माझ्या पैशाने लावलेलं आहे." दोन बादल्या भरून दिलं. त्याचं त्यांनी पुढे काय केलं ते मला ठाऊक नाही.

एवढं सगळं जमत होतं म्हणून मी त्या काळी भलताच चढून गेलो होतो. ज्याच्या-त्याच्यापुढे माझं एकच प्रवचन: पोट खरवडल्याशिवाय वर रंग देणं म्हणजे अंघोळ न करता अत्तर लावणं. या प्रवचनानेच पुढे माझा घात केला.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी निशिकांतबाबूंची गाडी आली. निशिकांतबाबू म्हणजे मोठे वकील. आवाज असा की कोर्टात बोलले तर कावळे उडत. वजनही आवाजाला शोभेल असं. गाडी एका मडमेकडून घेतलेली, उघड्या टपाची, लांबलचक विलायती. म्हणून तिला सगळे 'मेमसाहेब' म्हणत. तिचा ड्रायव्हर रामखेलावन, छपरा जिल्ह्याचा, साठीला आलेला, पांढऱ्या मिशांचा. वीस वर्षं तीच गाडी चालवत होता आणि तिच्या शेडला लागून असलेल्या खोलीत राहत होता.

निशिकांतबाबूंची गाडीत बसण्याची तऱ्हा बालीगंजात प्रसिद्ध होती. ते मागच्या सीटवर पाय वर घेऊन मांडी घालून बसत, पाटावर जेवायला बसल्यासारखे. लोक म्हणत, खानदानी माणूस, आजोबा पालखीत असेच बसायचे. उतरताना त्यांच्या पायांना मुंग्या आलेल्या असत, त्यामुळे दोन मिनिटं दार धरून उभे राहत आणि आकाशाकडे बघत. लोकांना तोही रुबाबच वाटे.

मुलीचं लग्न ठरलं होतं आणि जावयाला आणायला मेमसाहेबच जाणार असं मुलीने ठरवलं होतं. बाबू म्हणाले, "वरून रंग द्या, चामडं चकचकीत करा, इंजिन बघा. खाली हात देबेन ना, अजिबात हात लावायचा नाही. खाली कोण बघतंय?"

मी प्रवचन सुरू केलं. त्यांनी हात वर करून थांबवलं, "खाली नाही म्हणजे नाही," आणि रिक्षाने निघून गेले.

ते गेल्यावर रामखेलावन माझ्याजवळ आला. "मिस्त्रीजी, ऊपर जो करना है करो. मेमसाहेब का पेट मत छूना."

आता शहाण्या माणसाने काय समजावं? दोन माणसं एकच गोष्ट नको म्हणतात, तर काहीतरी असेल. मी समजलो, मालक कंजूष आणि ड्रायव्हर अडाणी. गोपालबाबूंना पटवलं की फुकट करतो, माझ्या समाधानासाठी करतो. इंजिनाच्या जोरावर मागची चाकं फिरवणारा खालचा लांब दांडा काढला, धुराचा पाइप काढला, ब्रेक सोडवले, सगळ्याला चिठ्ठ्या बांधल्या आणि खरवडणी तापवून गाडीखाली शिरलो.

रामखेलावन रागाने मागच्या सीटवर जाऊन बसला. सत्याग्रहच तो. मी खालून खरवडतोय, तो वरून "राम राम" म्हणतोय. पहिला थर निघाला, दुसरा निघाला. चिरोट्याला इतके पदर नसतील. चौथ्या थराला खरवडणीला पत्रा लागायला हवा होता, तर काहीतरी मऊ लागलं. मी जोर केला. खरवडणी सप्पकन आत गेली आणि वरून किंकाळी आली. ती रामखेलावनच्या दोन पायांच्या मधून वर निघाली होती.

भोकातून आम्ही एकमेकांकडे बघितलं. तो वरून, मी खालून.

"छूना नहीं बोला था ना," तो म्हणाला.

मेमसाहेबांना मागे तळ नव्हताच. पत्रा कधीच गंजून गेला होता. होतं ते फक्त तागाची पोती आणि डांबर, पोतं आणि डांबर. एका पोत्यावर तांदळाच्या गिरणीचा शिक्कासुद्धा शाबूत होता. मी हात लावल्यावर ती सगळी रचना हळूहळू, मोठ्या अदबीने, माझ्या छातीवर येऊन बसली.

मला बाहेर ओढून काढल्यावर रामखेलावनने सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी बाबू एकदा केस हरून आले होते. गाडी वाटेत बंद पडली, तेव्हा रागाने म्हणाले, "आता हिचं काहीही मोडलं की मल्लिकबाजारात भंगारात तोलून विकीन." त्याच पावसाळ्यात याला दिसलं की तळ गेला. बोलावं तर गाडी जाणार. गाडी गेली की ड्रायव्हर कशाला हवा? खोलीही जाणार. गावाकडे याचं कोणी उरलं नव्हतं. म्हणून दरवर्षी पावसाआधी तो गुपचूप एक पोतं आणि एक डबा डांबर लावत आला. आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा असा चुकवत आला, जणू मागे दुधाचं पातेलं ठेवलंय.

"बाबू जान गए तो हम गए," तो म्हणाला आणि पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हौसेपायी एका म्हाताऱ्याचं छप्पर जात होतं. मी त्याला शब्द दिला: नवा पत्रा टाकून देतो, बाबूंना कळायच्या आत. ना त्यांना जुना कळेल, ना नवा.

हावड्याच्या एका कारखान्यात जाड पत्रा कापायला आणि वाकवायला दिला. तो चार दिवसांत यायचा होता. आला सातव्या दिवशी दुपारी, विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी. हातगाडीवाला म्हणाला, पूल मूर्ती नेणाऱ्या गाड्यांनी भरलाय, देवाच्या मागे मागे आलो. पत्रा मात्र सुरेख होता. भोकं पाडलेली होती. आठ बोल्ट कसले की काम फत्ते.

मी पाना घ्यायला वळलो तर भिंत रिकामी. बंगालमध्ये कारखान्याचा खरा सण म्हणजे विश्वकर्मा पूजा. आदल्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन देवापुढे मांडतात आणि पूजा होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. गोपालबाबूंनी यंदा जरा लवकरच मांडली होती. मी म्हणालो, "एक पाना द्या, पंधरा मिनिटं." ते कानांवर हात ठेवून म्हणाले, "सर्बोनाश! देवाचा पाना उचलशील तर वर्षभर हात चालणार नाही."

ठीक, म्हटलं, उद्या पत्रा नुसता बसवून ठेवू. सकाळी येऊन बघतो तर पत्राही गायब. गोपालबाबूंना तो दिसला होता. नवा, कोरा, चकचकीत. त्यांनी तो मूर्तीपुढे चार डब्यांवर ठेवून वर खिचडीचं हे मोठं पातेलं, पाच भाज्या, चटणी आणि पायस मांडलं होतं. मेमसाहेबांचा तळ देवाच्या नैवेद्याखाली होता. तो मागण्याची माझी छाती झाली नाही.

रामखेलावनने गाडीत भोकावर गालिचा अंथरला. वरून काही दिसत नव्हतं. आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना द्वारपालासारखे उभे राहिलो. कोणी गाडीत चढलंच नाही की झालं.

अकराला निशिकांतबाबू आले. धुतलेलं धोतर, रेशमी पंजाबी झब्बा, खांद्यावर शाल. त्यांना पाहून पुरोहितांना उत्साह आला. ते म्हणाले, गाडीची पूजा आहे तर मालकाने आत बसावं, हे शास्त्र आहे. हे कुठलं शास्त्र ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

"बाबू, रंग ओला आहे," मी म्हणालो.

"हुजूर, सीट में खटमल हैं," रामखेलावन म्हणाला.

बाबूंनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि चढले. पायरीवर एक पाय ठेवला, गालिच्याला स्पर्शही न करता थेट सीटवर गुडघा टेकवला, फिरले आणि मांडी घालून बसले. नेहमीसारखे! मी डोळे मिटून विश्वकर्म्याला मनोमन सव्वा रुपयाचे पेढे बोललो. मांडीने वाचवलं.

पुरोहितांनी त्यांच्या हातात प्रसादाचं ताट दिलं. मग त्यांना धुनुची, म्हणजे धूप जाळायचं मातीचं भांडं, ठेवायला काहीतरी उंच हवं होतं. इकडे तिकडे बघून त्यांनी जवळच्या दोन विटा उचलल्या. त्या मेमसाहेबांच्या चाकाखालच्या होत्या.

ब्रेक मी काढलेले होते. दांडा काढलेला होता. अंगणाला फाटकाकडे उतार होता. गाडी हलली.

सीटचं चामडं बाबूंनी सांगितल्याप्रमाणे मी चकचकीत केलं होतं, तीन हात मेण देऊन. गाडी हलताच बाबू मांडीसकट पुढे घसरले, ताट हातात, आणि गालिच्यातून सरळ खाली गेले. त्याच क्षणी शेजारच्या गच्चीवरून आरोळी आली, "भोकाट्टाऽऽ!" त्या दिवशी कलकत्त्यात सगळीकडे पतंग उडवतात आणि कोणाचा कापला की असे ओरडतात. इथे बाबूंचा कापला होता.

पण ते पडले नाहीत. पाय जमिनीला टेकले, हातांनी पुढच्या सीटची पाठ धरली. आणि गाडी चालू लागली होती, म्हणून तेही चालू लागले. न चालून सांगतात कोणाला? मागे सीट, पुढे सीट, मध्ये बाबू. रामखेलावन धावत जाऊन स्टिअरिंगपाशी बसला आणि भोंपू वाजवू लागला. मेमसाहेब फाटकातून गल्लीत आल्या. बायकांनी गच्चीवरून शंख फुंकले. त्यांना वाटलं मिरवणूक आहे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात जोडले. मी मागचा बंपर धरून उलटा ओढत होतो आणि फरफटत होतो. गाडीखाली दोन पाय, पांढरं धोतर आणि काळे पंपशूज, टप टप टप टप, वकिलाच्या भारदस्त चालीने.

मिठाईच्या दुकानासमोर गल्ली सपाट होते, तिथे गाडी थांबली. बाबूही थांबले. हातातलं ताट सुटून कधीच गेलं होतं, खांद्यावर एक जिलबी राहिली होती. सगळं बालीगंज गोळा झालं.

रामखेलावन गाडीतून उतरला. रंग उडालेला, हात जोडलेले. "हुजूर, वो नीचे का पत्रा, हमने..."

"तू गप्प!" बाबू गरजले. कावळे उडाले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ए मिस्त्री ना राक्खोश? आमार गाडीर मेझे खेये फेलेछे! माझ्या गाडीचा चांगला लोखंडासारखा तळ या मराठ्याने खरवडून खाल्ला! खाली हात घालू नको म्हणून बजावलं होतं की नाही?"

सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं. खिशात गिरणीचा शिक्का असलेला पोत्याचा तुकडा होता. तो दाखवला असता तर माझी अब्रू वाचली असती. पण मग रामखेलावनकडे पाहिलं. म्हातारा पापणी न हलवता माझ्याकडे बघत होता.

"चूक झाली बाबू," मी म्हणालो. "जास्त खरवडलं गेलं."

तिथेच नाव पडलं. मिठाईवाल्यानेच प्रथम उच्चारलं. संध्याकाळपर्यंत ते हावड्याला पोहोचलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पत्रा कापणाऱ्याने निरोप पाठवला की तुमच्याकडे आलेल्या माझ्या चुलतभावाच्या गाडीला याला शिवू देऊ नका.

दोन दिवसांनी मी आठही बोल्ट कसत होतो तेव्हा बाबू आले. रामखेलावनला त्यांनी पान आणायला पाठवलं, तेही लांबच्या दुकानातून. मग वाकून गाडीखाली माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाकताना मी प्रथमच पाहत होतो.

"मिस्त्री, परवा तुझ्यावर अन्याय झाला. मला सगळं ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं, बाबू?"

"पोती. सात वर्षांपूर्वी एकदा पाय ठेवला, तर बूट आत रुतला. काढला तर टाचेला ताग. तेव्हापासून मांडी घालतोय. पालखी कसली डोंबलाची! आमच्या आजोबांनी पालखी पाहिली नव्हती. पायांना अशा मुंग्या येतात की कोर्टात उभं राहवत नाही."

"मग दुरुस्त का नाही करून घेतला?"

"मी रागात काहीतरी बोललो होतो. त्याने ते खरं मानलं. आणि मग तो एवढ्या मनापासून ठिगळं लावायचा. शेडच्या मागून मी बघायचो. त्याला वाटतं, गाडी त्याने वाचवली. वाचवलीच आहे. मला कळलंय हे त्याला कळलं तर म्हातारा शरमेने एक दिवस राहणार नाही. त्याला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी रामखेलावन गाडी न्यायला आला. नव्या तळावर त्याने हाताने थाप मारली, कान लावून आवाज ऐकला आणि खूश झाला. मग आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "मिस्त्रीजी, एक बात. बाबू को सब मालूम था."

मी पाना खाली ठेवला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कौन बताएगा? तेरह साल पैर नीचे लटका के बैठे. फिर एक दिन पैर ऊपर ले के पालथी मार ली. गाड़ी में आईना काहे लगा है?" त्याने पागोट्याच्या टोकाने तो आरसा पुसला. "हमारी इज्जत रखने को सात साल पैर सुन्न किए. उनको मत बताना कि हम जानते हैं. बुरा मान जाएँगे."

तेही मी नाही सांगितलं.

लग्नाच्या दिवशी जावयाला आणायला मेमसाहेब निघाल्या, तेव्हा बाबूंनी मला बोलावून शेजारी बसवलं. वाटेत काही बिघडलं तर मिस्त्री जवळ असावा, हे कारण. खरं कारण गल्लीला दाखवणं, की राक्षसाला माफ केलंय. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तळ तो. हत्ती नाचवा, वाजणार नाही. मी अभिमानाने दोन्ही पाय त्यावर रोवून बसलो.

शेजारी बघतो तर बाबू मांडी घालून.

"बाबू," मी कुजबुजलो, "आता पाय खाली ठेवा. नवा आहे."

"चूप," ते ओठ न हलवता म्हणाले. "आज पाय खाली ठेवले तर त्याला समजेल, इतके दिवस का वर होते."

समोरच्या आरशात रामखेलावनचे डोळे दिसले. ते आधी बाबूंच्या मांडीवर गेले, मग तळावर रोवलेल्या माझ्या पायांवर येऊन थांबले, आणि तिथून हलेनात. पुढे चांगला रुंद, कोरडा, सरळ रस्ता होता. तरी त्याने गाडीचा वेग कमी केला आणि एक इवलासा खड्डा मोठ्या काळजीने वळसा घालून चुकवला.

मी निमूटपणे पाय वर घेतले आणि मांडी घातली.